चाळीस मिनिटांचं बिल्ड

आमच्या प्रोजेक्टचं बिल्ड आता तीन मिनिटांत होतं. पूर्वी त्याला चाळीस मिनिटं लागायची. ही सुधारणा मी केली, ती माझ्या नावावर आहे, आणि जगात कुठं कुठं बसलेल्या माणसांनी त्याबद्दल मला अंगठे आणि टाळ्या पाठवल्या आहेत. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात नावाजलेलं काम. त्यात ज्या एका माणसाचं नुकसान झालं, त्यानंच ते तपासून खाली ‘मान्य’ असं लिहिलं होतं. तो माणूस म्हणजे आमचे सर. ते वारले, त्याला आता वर्ष होईल. अजूनही कुणी त्या कामाचं कौतुक करायला लागलं की मी विषय बदलते.

चाकण एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. खाली शॉप फ्लोअर, वरच्या मजल्यावर आम्ही दहा-बारा जण. पाण्याच्या पंपाच्या आणि ई-रिक्षाच्या मोटरी चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मोटरीला करंट किती द्यायचा आणि कधी द्यायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर त्यात असतं. ते काही आमच्या एकट्याचं नाही. ते खुलं आहे; कुणीही घ्यावं, सुधारावं आणि परत सगळ्यांना द्यावं. सर ते सांभाळणाऱ्या चार-पाच जणांपैकी एक होते, बाकीचे सगळे परदेशात. कंपनीत सरांना ‘ते वरचे काका’ म्हणत. तिकडे मात्र त्यांनी नाही म्हटलं की ती गोष्ट होत नसे.

हे सॉफ्टवेअर तयार करायला जी हत्यारं लागतात, म्हणजे कंपायलर आणि त्याचं सगळं गणगोत, ती प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळी असतात. मग माझ्याकडे मोटर नीट फिरते, तुमच्याकडे थरथरते, आणि दोघं एकमेकांना दोष देत बसतात. म्हणून सगळी हत्यारं एका बंद डब्यात भरायची आणि प्रत्येकानं तोच डबा वापरायचा. त्याला कंटेनर म्हणतात. मी कंटेनरचं काम करते म्हटल्यावर माझ्या आईला बरेच दिवस वाटत होतं की मी ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये शिरले. चाकणच्या चौकात अडकलेले कंटेनर तिनं डोळ्यांनी पाहिले होते. आमच्या प्रोजेक्टचा डबा सरांनी बांधला होता. बिल्ड म्हणजे आधी हा डबा भरायचा, मग त्याच्या आत सॉफ्टवेअर तयार करायचं. सर तो डबा रोज अगदी पहिल्यापासून भरायचे.

रोज चार वाजता. चार म्हणजे चार. एंटर दाबला की सर खुर्चीवरून उठायचे, चहाचा स्टीलचा पेला घ्यायचे आणि माझ्या टेबलाशेजारी मोटरीचं एक रिकामं खोकं होतं, त्यावर येऊन बसायचे. बिल्ड चालू असताना दुसरं काम करणं त्यांना पटत नसे. गॅसवर दूध ठेवून कुणी बाहेर जातं का, असं विचारायचे. मी एकदा म्हटलं, सर, दूध तिकडं तुमच्या टेबलावर आहे आणि तुम्ही बसलाय इकडं. त्यावर त्यांनी नुसतं बोट केलं. त्या खोक्यावर बसलं की त्यांचा स्क्रीन सरळ समोर दिसत होता. खोक्याची जागा त्यांनी आधीच बघून ठेवलेली होती.

त्या चाळीस मिनिटांत सर बोलायचे. एरवी नाही. दिवसभरात त्यांच्या तोंडून ‘हं’ आणि ‘नाही’ याखेरीज फारसं काही निघत नसे. चार वाजले की मात्र दार उघडल्यासारखे बोलायचे. तळेगावहून येताना स्कूटरला लागलेला खड्डा, खाली नव्यानं आलेल्या मोटरीचा आवाज, पिठल्यात लसूण कधी घालायचा. मोटरीचा आजार ते कानानं ओळखायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. शॉप फ्लोअरवरचे लोक त्यांना डॉक्टर म्हणत. सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे, गेटवरच्या वॉचमनलाही आणि मलाही, मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असून.

आणि बिल्ड झालं की सर उठायचे. वाक्य अर्धं असलं तरी उठायचे. स्क्रीनवर हिरवी ओळ आली की बोलणं जिथं असेल तिथं तुटायचं, पेला उचलला जायचा आणि सर त्यांच्या जागेवर. उरलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी चार वाजता, तुटलं होतं तिथूनच. आधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला, कारण अर्धी गोष्ट डोक्यात घेऊन निगडीला घरी जावं लागायचं. मग केव्हातरी मी चारची वाट बघायला लागले. निगडीच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते, आई भावाकडे असते. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारे सर एकटेच होते, हे तेव्हा मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते.

सरांचा एक नियम सगळ्यांना जाचायचा. बिल्ड फसलं की स्क्रीनवर लाल ओळ येते, काय बिघडलं ते सांगणारी. ती ओळ मोठ्यांदा वाचायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, उभं राहून. मगच दुरुस्ती. आमच्यातल्या एकानं एकदा लाल ओळ आल्याबरोबर खिडकी बंद केली आणि परत चालवायला घेतलं. सर त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. तो म्हणाला, जाऊ द्या ना सर, परत करतोय राव. सरांनी त्याला ती खिडकी शोधून उघडायला लावली आणि वाचायला लावली. त्याचे कान लाल झाले. “लाल ओळ लपवायची नाही,” सर म्हणाले. “एकदा लपवली की मग वाचताच येत नाही.” आम्ही मागं चेष्टा करायचो, की सरांनी शाळामास्तर व्हायला हवं होतं.

मी आले त्याच्या आधीच सरांच्या पत्नी गेल्या होत्या. त्यांचा विषय निघाला तो असाच, एका चार वाजता. खालून मोटरीची घरघर ऐकू येत होती आणि सर म्हणाले, आमची ही असती तर इथून वर बसून सांगितलं असतं, कितव्या टेबलाची मोटर आहे ते. ती गोष्ट मग आठवडाभर चालली.

सर तेव्हा भोसरीच्या एका कारखान्यात टेस्टिंगला नवे इंजिनिअर होते. मोटरीत तांब्याची तार भरायचं काम बायका करायच्या, त्याला वाइंडिंग म्हणतात. चाकणच्या पलीकडच्या गावातून एसटीनं येणारी एक मुलगी सात नंबरच्या टेबलावर बसायची. तिची तार अशी बसायची की वर बोट फिरवलं तर वेटोळं मोजता यावं. एकदा आठवडाभर सरांच्या टेबलावर तपासायला आलेल्या मोटरी घूं घूं करायला लागल्या, तापायला लागल्या. सगळ्या सात नंबरच्या. सरांनी रिपोर्ट लिहिला, वाइंडिंग खराब. रिपोर्ट वर गेला.

दुसऱ्या दिवशी ती त्यातलीच एक मोटर पोटाशी धरून टेस्टिंगला आली. शेजारच्या टेबलावर मोटर ठेवली, तारा जोडल्या, खटका दाबला. मोटर गुपचूप फिरली. मग तीच मोटर उचलून सरांच्या टेबलावर. घूं घूं. “मोटर खोटं बोलत न्हाई, सायेब,” ती म्हणाली. “टेबलाचं काय हाय ते बगा.” सरांनी बघितलं. त्यांच्या टेबलावरचा व्होल्टेजचा नॉब एक घर पुढं राहिला होता. आठवडाभर सर प्रत्येक मोटरीला जास्त व्होल्टेज देत होते. तार चांगली होती. चूक सरांची होती.

“मी नॉब मागं घेतला,” सर मला म्हणाले. “रिपोर्टची प्रत हातात घेतली. मोठ्या साहेबांची केबिन दहा पावलांवर. मी उठलो, आणि—”

हिरवी ओळ आली. सर पेला घेऊन गेले. तो शुक्रवार होता.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. चाळीस मिनिटांबद्दल बाहेरचे लोक कधीपासून कुरकुरत होते. एकानं लिहिलं होतं, एक स्वल्पविराम बदलला तरी मला जेवून यावं लागतं. कारण अगदी साधं होतं. डबा कसा भरायचा याची सरांनी केलेली यादी होती, तिच्यात आमचं सॉफ्टवेअर डब्यात घालायची ओळ सगळ्यात वर होती, हत्यारं भरायच्या ओळी त्याखाली. वरचं काही बदललं की खालचं सगळं परत करावं लागतं. एक पोळी हवी, तरी दरवेळी गहू निवडण्यापासून सुरुवात. मी ती ओळ खाली नेली, भरलेली हत्यारं जपून ठेवायची सोय केली, आत साठलेला पसारा काढून टाकला. डबा एक चतुर्थांश झाला. खरं सांगायचं तर हे सगळं मी शाबासकीसाठी केलं. घरी संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं, हेही होतं.

बदल मी त्याच आठवड्यात बुधवारी सरांकडे तपासायला पाठवला होता. शुक्रवारी संध्याकाळी, गोष्ट अर्धी टाकून गेल्यावर, सरांनी तो वाचला. त्यांचा एकच शेरा आला. कंपायलर इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून आपण उतरवून घेतो, तो फार दिवस टिकणार नाही, एक प्रत आपल्याकडे ठेवा. मी ती ठेवली. त्याखाली त्यांनी ‘मान्य’ लिहिलं.

सोमवारी चार वाजता सर आले. खोक्यावर बसले. चहा अजून वाफाळत होता. “तर,” ते म्हणाले, “मी उठलो—” आणि त्यांची नजर समोर गेली. हिरवी ओळ आली होती. सरांनी घड्याळ बघितलं. “तीन मिनिटं,” ते म्हणाले. “छान काम केलंत.” पेल्याला तोंडही न लावता ते तो घेऊन परत गेले.

दोन-चार दिवस ते तसेच यायचे, बसायचे, उठायचे. मग यायचे बंद झाले. तीन मिनिटांसाठी कोण कशाला येईल? मी एकदा जेवताना विचारलं, सर, त्या केबिनचं पुढं काय झालं? ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसं मी भलत्या वेळी भलतं काही मागितलंय. “बिल्ड झालं ना आता,” ते म्हणाले. रागानं नाही. बिल्ड चालू नसताना कुणाशेजारी बसून बोलायचं कसं, हे त्यांना खरंच येत नव्हतं. आणि मला कळायला महिना लागला, की चाळीस मिनिटं कंपायलरला लागत होती ती लागत होती, पण एवढ्या हुशार माणसानं ती एक ओळ इतकी वर्षं खाली नेली नव्हती.

मनात आलं, ती ओळ परत वर नेऊन ठेवावी. पण आमच्याकडे प्रत्येक बदल सगळ्यांसमोर होतो आणि त्याचं कारण लिहावं लागतं. काय कारण लिहिणार होते मी?

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. मालकांनी भाषणात बिल्डच्या वेगाचा उल्लेख केला आणि सरांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. साफसफाईवाल्या मावशींनी विचारलं, हे खोकं उचलू का? मी नको म्हटलं. नंतर दोन-तीनदा फोन केला. बरंय का, बरंय, ठेवू का, ठेवा. दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

जवळजवळ वर्षानं, एका शनिवारी दुपारी, मी तळेगावला त्यांच्या घरी गेले. स्टेशनजवळ जुन्या इमारतीत दुसरा मजला. एक टेबल फॅन आवाज न करता फिरत होता. त्याला सरांनी स्वतःचा कंट्रोलर बसवला होता, उघडाच. भिंतीवर पत्नीचा फोटो. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सरांनी तो उचलून खाली ठेवला. बरं आहे का विचारलं, मी बरं आहे म्हटलं. कंपनी कशी आहे विचारलं, ठीक आहे म्हटलं. चहा झाला. खालून लोणावळा लोकल गेली, तिचा आवाज संपेपर्यंत आम्ही ऐकला. मग काही उरलं नाही.

मला याची कल्पना होती, म्हणून लॅपटॉप आणला होता. “सर,” मी म्हटलं, “जुनं बिल्ड लावू का? तुमचं?”

सरांनी चहाचा पेला बाजूला सरकवला. “अगदी पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. साडेतीन. खुर्ची उचलून स्क्रीन सरळ दिसेल अशी मांडली आणि बसले. मी एंटर दाबला. पांढऱ्या ओळी वर सरकायला लागल्या.

“तर,” सर म्हणाले, “मी उठलो, आणि केबिनपर्यंत गेलो.”

साहेब फोनवर होते. त्यांनी मान वर करून, काय, असं विचारलं. सर म्हणाले, काही नाही सर, सही हवी होती. हाताला लागलेला दुसराच कागद पुढं केला, साहेबांनी न बघताच त्यावर सही केली, आणि सर परत आले. रिपोर्ट तसाच राहिला. त्या शनिवारी तिला कामावरून कमी केलं. जाताना ती टेस्टिंगवरूनच गेली. सरांकडे बघितलं नाही.

इथं नववं मिनिट चालू होतं आणि स्क्रीनवर लाल ओळ आली. जुना कंपायलर ज्या पत्त्यावरून यायचा, तो पत्ताच आता अस्तित्वात नव्हता. सरांनी मला सांगितलं होतं तेच झालं होतं. नव्या डब्यासाठी मी प्रत ठेवली होती. हे जुनं बिल्ड अजून त्याच पत्त्याकडे जात होतं. मी उठून ती ओळ मोठ्यांदा वाचायला हवी होती. आणि वाचली असती तर सर उठले असते, वाक्य अर्धं टाकून, आणि मग मला नाही वाटत ते कधी पुरं झालं असतं.

“खिडकीतनं उजेड येतोय,” मी म्हटलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

सरांनी वळलेल्या लॅपटॉपकडे एकदा बघितलं. मग बोलत राहिले.

दोन महिन्यांनी ते एसटीनं तिच्या गावी गेले. ती अंगणात शेंगा फोडत होती. तिनं एवढंच विचारलं, सायबाला सांगितलं का? सर म्हणाले, नाही. “मंग हितं कशापायी आलात?” सर पाणी पिऊन परत आले. पुढच्या रविवारी परत गेले. चौथ्या खेपेला तिनं बसा म्हटलं. लग्नानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. घरात मिक्सर जरा घरघरला की फक्त सरांकडे बघायची. पण वाइंडिंगला तिला परत कुणी घेतलं नाही. खराब हात, असं तिचं नाव आजूबाजूच्या कारखान्यांत झालं होतं. “तसा हात मी पुन्हा बघितला नाही,” सर म्हणाले. “तो तिनं तीस वर्षं भाकरीला वापरला.”

तिच्या शेवटच्या आजारपणात सर तिला म्हणाले, मी लिहून कळवतो त्यांना, चूक माझी होती म्हणून. ती म्हणाली, कारखाना बंद पडून किती वर्सं झाली, आता कुणाला सांगताय?

“खरंच कुणाला सांगणार?” सर म्हणाले. “तुम्हाला सांगतोय. मोठ्यांदा पहिल्यांदाच.”

पंखा फिरत होता. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेपाच झाले होते. त्या बिल्डला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“आज जरा जास्तच वेळ घेतंय,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “नेट हळू आहे.”

निघताना मी लॅपटॉप पिशवीत घातला. सर चप्पल घालून जिन्यापर्यंत आले. “तो पत्ता बंद होऊन आठ महिने झाले,” ते म्हणाले. “प्रोजेक्टच्या ग्रुपवर मीच कळवलं होतं. तुम्ही वाचत नाही.”

माझे कान तापले. आता हे मला इथं जिन्यात उभं करून ती लाल ओळ वाचायला लावणार, असं वाटलं.

“पुढच्या शनिवारी परत लावून बघा,” सर म्हणाले. “मी खुर्च्या त्या बाजूला घेतो, म्हणजे उजेडाचा त्रास होणार नाही.”

त्यानंतर मी आणखी नऊ शनिवार गेले. बिल्ड एकदाही झालं नाही.